लांबच्या प्रवासाचा पोषाख

परदेशी निघालेल्या माणसाच्या घरी शेवटच्या आठ दिवसांत कशाची चर्चा होत नाही? बॅगा ताणकाट्यावर पुन्हापुन्हा चढतात, मेतकूट आणि भाजणी यांपैकी काय ठेवावे व काय काढावे यावर घरात दोन तट पडतात, पासपोर्ट दिवसातून चार वेळा जागेवर आहे ना म्हणून पाहिला जातो. अंगावर काय घालून निघावयाचे, हा प्रश्न मात्र गाडी दारात यावयाच्या तासभर आधी निघतो. त्याला उत्तरेही ठरलेली दोन. एक, "प्रवासात कोण पाहतो आहे? घाल काही तरी जुनेपाने." दुसरे, "अरे, परदेशी चाललास, चारचौघांत उठून दिसेल असे घाल." वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरुद्ध, परंतु दोहोंतही पोषाखाचा विचार पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी केलेला आहे. ज्या देहाला तो पोषाख पंधरा-सोळा तास वागवावयाचा आहे, त्या देहाला कोणीच विचारीत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानात माणूस साधारण इतका वेळ एकाच खुर्चीत असतो. एरवी आयुष्यात आपण इतका वेळ एका जागी कधी बसतो? लग्नातही नाही.

पोषाख पाहणाऱ्यासाठी निवडला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगून ठेवले आहे. १८८८ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांचा मोहनदास बोटीने विलायतेस निघाला. बोटीवर तो काळा सूट घालीत असे. मित्रांनी करून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्याने उतरण्याच्या दिवसासाठी म्हणून राखून ठेवला होता. पांढरे कपडे आपल्याला अधिक शोभतील अशी त्याची समजूत. तो उतरला तेव्हा सप्टेंबर संपत आलेला. इंग्लंडात शरद ऋतू लागलेला. आणि साऱ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतला माणूस तो एकटाच! त्यातून इतरांचे पाहून त्याने आपले सामान किल्ल्यांसकट एका एजंटाच्या स्वाधीन केलेले. दिवस शनिवारचा. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सामान मिळण्याची आशा नाही. बदलावयास दुसरे वस्त्र जवळ नाही. या शरमेचे वर्णन त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर लिहिले, तरी ती विसरली गेलेली दिसत नाही.

तोच मनुष्य १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी पुन्हा बोटीने निघाला, तेव्हा त्याच्या अंगावर खादीचा पंचा आणि शाल होती. बोटीवर त्यांनी बरोबरच्या मंडळींची ट्रंकांची रास पाहिली, त्यांची चांगलीच हजेरी घेतली, आणि नको असलेले सामान एडनहून परत पाठविण्यास लावले. पंचा सर्वांनीच नेसावा असे आम्ही सुचवीत नाही. लंडनच्या थंडीत तो निभावून नेण्यास जी तयारी लागते ती आम्हांपाशी नाही. सांगावयाचे ते इतकेच की दुसऱ्या प्रवासातील पोषाख ही त्यांची स्वतःची निवड होती, आणि पहिल्या प्रवासातील पांढरा सूट ही उतरल्यावर आपण कसे दिसू याची धास्ती होती.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आणि अधिक गंभीर. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोचल्या. त्यांचे वय तेव्हा अठरा. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपला पोषाख व आहार सोडणार नाही असे जाहीर केले होते, आणि त्या वेळच्या समाजाची नजर पाहता ते वचन देणे त्यांना भागच होते. परंतु फिलाडेल्फियाचा हिवाळा कोणाच्या वचनाकडे पाहत नाही. कासोट्याच्या नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. पाश्चात्त्य झगा घालावा तर वचनभंग, न घालावा तर थंडी. आनंदीबाईंनी यातून वाट काढली ती मोठ्या विवेकाची. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. ही साडी घोट्यापर्यंत पोचते आणि तिच्या आत परकर घालता येतो. देशी वस्त्र राहिले, पाय झाकले गेले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या मृत्यूचा बोल कपड्यांवर ठेवणे अन्यायाचे होईल. क्षयाची कारणे निराळी. तथापि आजारलेल्या आणि थंडीने गारठलेल्या एका मुलीला काय नेसावे याचा हिशेब लोकापवादाशी घालावा लागला, ही गोष्ट पोषाखाला क्षुल्लक मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज बोट गेली, विमान आले. एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले ते ८ जून १९४८ रोजी. 'मलबार प्रिन्सेस' हे त्याचे नाव. प्रवासी अवघे पस्तीस. त्या काळी विमानात बसणे हा समारंभ होता, आणि समारंभाला जावे तसे लोक नटून जात. आता एकेका विमानात तीन-तीनशे माणसे दाटीने बसतात आणि सामान्य वर्गात पुढच्या व आपल्या खुर्चीतील अंतर एकतीस-बत्तीस इंच असते. समारंभ संपला, पण सुती पायजमा आणि स्लिपर घालून निघणे हे काही त्याचे उत्तर नव्हे. विमानाच्या पोटात हवा कशी असते, हे आधी पाहिले पाहिजे.

ती हवा पुण्यामुंबईच्या हवेसारखी नसते. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतील दाब समुद्रसपाटीइतका ठेवीत नाहीत. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जसा असेल तितकाच तो असतो. म्हणजे आपण सोळा तास महाबळेश्वराहूनही पुष्कळ उंच अशा ठिकाणी बसलेलो असतो. दाब कमी झाला की पोटातील वायू फुगतो. जमिनीवर ज्या वायूने एक लोटी भरेल, त्याने तेथे सव्वा लोटीहून अधिक भरते. म्हणूनच घरी नीट बसलेला कमरपट्टा विमानात चढल्यावर तासाभरात काचू लागतो. भोजनाचा त्यात दोष थोडा. शिवाय ही हवा अतिशय कोरडी असते. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. पावसाळ्यात ऐंशी टक्क्यांत राहणाऱ्या मुंबईकराला ती वाळवंटासारखी वाटावी. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. डोळ्यांत काचा बसविणाऱ्यांनी त्या दिवशी साधा चष्माच लावावा. आणि हवेचे तपमान फारसे कमी नसले, तरी हालचाल न करता बसलेल्या माणसाला, त्यातून खिडकीशी बसलेल्याला, मध्यरात्री हुडहुडी भरते.

परंतु खरी गोष्ट आहे ती पायांची, आणि तिथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहो. पायांतील रक्त वर हृदयाकडे चढते ते पोटरीच्या स्नायूंनी शिरा दाबल्यामुळे. आपण चालतो तेव्हा पोटरी हे काम आपोआप करते. बसून राहिलो की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचते, पाय सुजतात, आणि काही थोड्या माणसांत खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हा काही विमानाने निर्माण केलेला रोग नाही. १९४० साली लंडनवर बाँबहल्ले होत असता लोक तळघरांतून रात्र-रात्र कापडी खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांच्यातील काही जण अशाच गुठळीने अकस्मात दगावल्याचे कीथ सिम्पसन या वैद्यकतज्ज्ञाने त्याच वर्षी नमूद केले. १९५४ साली अमेरिकेतील शल्यवैद्य जॉन होमन्स यांनी विमानात व मोटारीत फार वेळ बसल्यावर झालेल्या गुठळ्यांची हकिकत प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दिलेला निष्कर्ष असा की चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. भिण्याचे कारण नाही, पण सहा हजारांतील तो एक कोण हे आधी कोणास ठाऊक?

याच अभ्यासात एक गोष्ट आढळली ती आपल्याकडील स्त्रियांनी विशेष लक्षात घ्यावी. फार उंच माणसांप्रमाणे फार बुटक्या माणसांनाही, म्हणजे एकशे साठ सेंटिमीटरांहून, सुमारे सव्वापाच फुटांहून कमी उंचीच्यांनाही धोका अधिक असतो. आपल्या घराघरांतील कितीतरी आया-मावशा या मापात बसतील. खुर्ची बांधली आहे लांब तंगड्यांच्या माणसासाठी. आपली मावशी तीत बसली की तिचे पाय पुरते टेकत नाहीत आणि खुर्चीची कड गुडघ्याच्या मागे रुतते. पायांखाली छोटी पिशवी ठेवावी, म्हणजे ती कड सुटते. आणि कपड्याविषयी नियम असा की कंबर, जांघ, गुडघा यांना आवळील असे काहीही अंगावर नसावे. परकराची नाडी करकचून बांधण्याची सवय असेल, तर त्या दिवसापुरता रुंद इलॅस्टिकचा परकर घ्यावा. जाड, ताठ जीनची विजार तरुणांना फार प्रिय. पण तिच्या शिवणी गुडघ्यामागे नेमक्या नको तिथे येतात. हातातील घट्ट अंगठी घरीच काढून ठेवावी. बोट सुजल्यावर ती निघत नाही.

आवळणारे कपडे नकोत म्हटल्यावर, पाय आवळणारे मोजे मात्र घाला असे डॉक्टर का सांगतात? कारण हे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जातात. त्यामुळे रक्त वर ढकलले जाते. २०१६ साली अशा मोज्यांवरील प्रयोगांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील २,६३७ प्रवाशांपैकी पन्नास जणांच्या पायांत, त्रास न देणाऱ्या का होईना, गुठळ्या सापडल्या. त्या पन्नासांत मोजे घातलेले तिघे होते, न घातलेले सत्तेचाळीस. इतका स्पष्ट कौल कापडाच्या बाबतीत क्वचितच मिळतो. हे मोजे पोटरीचे माप घेऊन घ्यावे, सकाळी पाय सुजण्यापूर्वी घरूनच घालून निघावे, आणि वरची कड कधीही गुंडाळू नये. गुंडाळलेली कड दोरी बांधल्याप्रमाणे नेमके उलटे काम करते. मात्र ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत, किंवा मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत.

आता कापड. आपला समज असा की लोकर थंडीसाठी आणि सूत उन्हाळ्यासाठी. प्रवासात हा समज थोडा बाजूला ठेवावा. सूत घाम शोषते खरे, पण ओले झाले की ओलेच राहते आणि चुरगळते. पॉलिएस्टर चुरगळत नाही, पण घाम मुळीच पीत नाही. शंभर भार कापड हवेतून अर्धा भार पाणीही घेत नाही. मेरिनो मेंढीची बारीक लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. तिला वास लवकर येत नाही, सुरकुती रात्रभर टांगली की बहुतांशी जाते. ती महाग आहे हे कबूल. म्हणून तिचा एक अंगालगतचा सदरा पुरे; बाकी आपले सुती असू द्यावे. मे महिन्याची मुंबई, विमानातील गारवा आणि उतरल्यावरची थंडी, असे तीन ऋतू एका दिवसात पाहावयाचे असल्यामुळे एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावे. त्यांच्यामध्ये अडकलेली हवाच ऊब देते, आणि उकडले तर एकेक उतरवता येतो. जानेवारीत बर्फाच्या देशी जाणाऱ्याने जड बूट पायात घालावे आणि जड कोट हातावर घ्यावा, म्हणजे बॅगेचे वजन वाचते.

साडीचा प्रश्न राहिला. मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडे सांभाळावयास जाणारी साठी-सत्तरीची बाई, जिने जन्मात साडीखेरीज काही नेसले नाही, तिला सून विमानतळावर पँट घालावयास लावते, हे दृश्य आता नवे नाही. सूनबाईंचे म्हणणे सोयीच्या दृष्टीने खरे आहे. सरकत्या जिन्याच्या दातांत निरी अडकते, विमानातील संडासात साडी सावरणे कठीण, आणि नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी आगीत वितळून कातडीला चिकटते. सैल सलवार-कमीज या सर्वांवर उत्तम तोड आहे, आणि ज्यांना ती रुचते त्यांनी खुशाल घालावी. पण ज्या बाईला त्या वेषात सोळा तास संकोचून, ओढणी ओढीत बसावे लागेल, तिला आम्ही तो सुचविणार नाही. तिने सुती पाचवारी नेसावी, घोट्याच्या जरा वर नेसावी, आत सुती तंग नसलेली विजार घालावी आणि पदर खांद्याशी पिनेने पक्का करावा. अंगाला काय शोभते आणि अंगाला काय सोसते यांचा मेळ ज्याचा त्याने घालावयाचा असतो. आनंदीबाईंनीही तेच केले होते.

आगीचा उल्लेख आला, म्हणून पायातील गोष्ट सांगून टाकतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाचे पाच जण दगावले. परंतु जळत्या प्रवासी विमानातील ३७९ जण सामान तसेच टाकून घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. अशा वेळी पायात काय असावे? कोल्हापुरी चप्पल आम्हांला प्रिय आहे, पण टाच मोकळी असलेली कोणतीही चप्पल पळताना निसटते, आणि उंच टाचेचे बूट घसरगुंडीवर काढावेच लागतात. नाडीचे बूट उत्तम. पाय सुजला तर नाडी सैल करता येते. विमान वर चढताना आणि खाली उतरताना ते पायातच असू द्यावे. एरवी काढले तरी संडासात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांनी जाऊ नये. का, ते सांगण्याची गरज नाही!

मग यात आवडीला, हौसेला जागा कुठे उरली? पुष्कळ उरली. रंग आपला, काठ आपला, शिलाई आपली. गडद रंग आणि बारीक नक्षी चहाचा डाग लपवते एवढी सूचना आम्ही करू. पण ज्याला फिकट निळाच रंग प्रसन्न करतो, त्याने डागाच्या भीतीने आयुष्यभर तपकिरी का घालावे? पुरुषांना आम्ही जुन्या पद्धतीच्या सैल कोटाची शिफारस करतो, आणि ती ऐटीसाठी नव्हे तर खिशांसाठी. पासपोर्ट, चष्मा, औषधाच्या गोळ्या, पेन ही सर्व ज्याच्या छातीशी आहेत, तो माणूस रांगेत सहप्रवाशांना तिष्ठत ठेवत नाही. स्त्रियांच्या कपड्यांना खिसे न ठेवण्याची चाल कोणी पाडली कोण जाणे. आपल्या शिंप्याकडून ते लावून घ्यावे. अत्तर मात्र त्या दिवशी वर्ज्य. बंद जागेत आपल्याला जो सुगंध, तो शेजाऱ्याला डोकेदुखी. आणि मोगऱ्याचा गजरा माळून निघालेल्या भगिनींनी तो उतरण्यापूर्वी विमानातच ठेवावा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारखे देश बाहेरची फुले-पाने आणि बुटांना लागलेली शेतातील मातीसुद्धा फार कसोशीने तपासतात. तेथे बूट घासून स्वच्छ करून नेणे हा टापटिपीचा नव्हे, कायद्याचा भाग आहे.

शेवटी हातातील लहान पिशवीविषयी. मोठी बॅग कधी कधी मागे राहते, दुसऱ्याच गावी जाते, दोन दिवसांनी येते. हे आजही घडते. म्हणून या पिशवीत एक पूर्ण जोड असावा: सदरा, विजार किंवा साडी-पोलके, आतले कपडे, मोजे, आणि एक शाल. शालीसारखे वस्त्र प्रवासासाठी दुसरे नाही. ती रात्री पांघरूण होते, गुंडाळली की उशी होते, कान झाकते, आणि उतरताना खांद्यावर नीट घेतली की सोळा तासांच्या सुरकुत्या तिच्याखाली झाकल्या जातात. उतरण्यापूर्वी तासभर, दिवे लागले आणि रांग वाढण्याआधी, उठावे, तोंड धुवावे, केस विंचरावे, आतला सदरा बदलावा. मोजे तेवढे पायातच राहू द्यावे, कारण पारपत्र तपासणीच्या रांगेत अजून तासभर उभे राहावयाचे असते.